आधी वेळ लिहा

लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या काठी ठाकुंग नावाची चौकी आहे. २०१२च्या ऑगस्टपासून तिथल्या जवानांना आकाशात उजेडाचे पिवळट गोळे दिसायला लागले. चीनच्या बाजूच्या क्षितिजावरून वर यायचे, तासन् तास सरकत राहायचे आणि नाहीसे व्हायचे. फेब्रुवारी २०१३पर्यंत लष्कराच्या नोंदींचा आकडा ३२९वर गेला. त्यांपैकी १५५ वेळा या वस्तूंनी प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडल्याचं लिहिलं गेलं. संशय होता चिनी ड्रोनचा.

मग प्रश्न बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे गेला. तिथून उत्तर आलं: एक गुरू आहे, दुसरा शुक्र.

जुलै २०१३मध्ये ही बातमी छापून आली आणि देशात-परदेशात हसू उसळलं. ग्रहांना हेर समजले, असे मथळे झळकले. मला त्या हसण्याचा राग आला होता आणि आजही येतो. हसणाऱ्यांनी बातमीतली सगळ्यांत मोलाची गोष्ट वाचलीच नाही. हे कोडं सुटलं ते जवानांनी लिहून ठेवलेल्या वेळांमुळे.

त्या वेळा पाहा. पहिली वस्तू संध्याकाळी सहाच्या सुमारास दिसायला लागते आणि पहाटे पाचपर्यंत आकाशात असते. दुसरी पहाटे चारला येते आणि सकाळी अकरापर्यंत टिकते. खगोलशास्त्रज्ञाला सुरुवात करायला एवढं पुरतं. ३ डिसेंबर २०१२ला गुरू पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला होता. अशा काळात तो सूर्य मावळताना उगवतो आणि सूर्य उगवताना मावळतो, म्हणजे रात्रभर डोक्यावर. शुक्र त्याच वर्षी ऑगस्टच्या मध्याला पहाटेच्या आकाशात सूर्यापासून जास्तीत जास्त दूर होता. दोन्ही वेळापत्रकं जुळली. संस्थेचे तुषार प्रभू यांनी तेव्हा सांगितलं होतं की त्यांच्याकडे सोपवलेलं काम एवढंच होतं: वस्तू आकाशातली आहे की पृथ्वीवरची, हे ठरवणं.

ते ठरवण्याची एक साधी कसोटी प्रत्येक शाळेत शिकवायला हवी. पृथ्वी सूर्याभोवती पुढे सरकत असते, म्हणून कुठलाही तारा रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतो. गुरूचंही थोड्याफार फरकाने तसंच. महिन्याभरात हा फरक दोन तासांवर जातो. चिनी ड्रोन रोज चार मिनिटं आधी उडत नाही.

मग जवान फसले कसे? पँगाँगची उंची समुद्रसपाटीपासून सव्वाचार हजार मीटर. हवा विरळ, धूळ नाही, आसपास शहराचा उजेड नाही. तिथे शुक्र उन्हं वर आल्यावरही दिसतो. सकाळी अकरा वाजता उघड्या डोळ्यांनी ग्रह दिसतो हे मुंबई-पुण्यात सांगितलं तर कोणाचा विश्वास बसायचा नाही. मैदानी प्रदेशात वाढलेला पोरगा तिथे पहाऱ्यावर उभा राहतो, तेव्हा आजवर पाहिलेलं आकाश त्याच्या कामाचं उरत नाही. आणि समोर चीन. सीमा किती नाजूक होती ते नोंदी थांबल्यावर दोनच महिन्यांत दिसलं: एप्रिल २०१३मध्ये लडाखमधल्याच देपसांगला चिनी तुकडी तंबू ठोकून तीन आठवडे बसली. अशा सीमेवर उजेड दिसला आणि जवानाने कळवलं नाही, तर तो गुन्हा ठरला असता. त्याने कळवलं, पुन्हा दिसला तर पुन्हा कळवलं, आणि प्रत्येक वेळी घड्याळ पाहिलं. याहून चांगला साक्षीदार कोणत्या चौकशीला मिळणार?

आकाशात काहीतरी विचित्र दिसलं आणि सरकारी चौकशीने नैसर्गिक कारण सांगितलं, अशा घटना जगभर हजारोंनी आहेत. बहुतेकांत ते कारण बरोबरही आहे. तरी लोकांचा विश्वास बसत नाही. दोष लोकांच्या भोळेपणाला दिला जातो. मला तो चौकशी करणाऱ्यांत जास्त दिसतो. वेळ, दिशा, उंची, वारा यांची नोंद मांडून काढलेलं उत्तर आणि साक्षीदाराची बोळवण करायला फेकलेलं उत्तर, दोन्हींत शब्द तोच असू शकतो: शुक्र. ऐकणाऱ्याला फरक बरोबर कळतो.

फेकलेल्या उत्तराचा सगळ्यांत महाग नमुना अमेरिकेतला आहे.

मार्च १९६६. मिशिगन राज्यात डेक्स्टर गावाजवळच्या दलदलीवर लोकांना रात्री रंगीत उजेड दिसला. दुसऱ्या रात्री हिल्सडेल कॉलेजच्या वसतिगृहाच्या खिडक्यांतून विद्यार्थिनींनी तसाच उजेड पाहिला, एक-दोघींनी नव्हे, ऐंशीहून जास्त मुलींनी. पोलिसांनी पाहिला, नागरी संरक्षणाच्या अधिकाऱ्याने पाहिला. अमेरिकी हवाई दल तेव्हा ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ नावाने अशा घटनांची चौकशी करत असे. त्यांचे सल्लागार होते खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक. ते तिथे पोचले तेव्हा सगळीकडे पत्रकारांची गर्दी, लोक घाबरलेले, आणि वरून आदेश की लवकर काहीतरी सांगा. २५ मार्चला डेट्रॉइटच्या प्रेस क्लबमध्ये भरगच्च पत्रकार परिषदेत हायनेक यांनी सांगितलं की या दोन ठिकाणी दिसलेला उजेड दलदलीतल्या वायूचा असू शकतो. पाणथळ जागेत पालापाचोळा कुजतो, त्यातून मिथेनसारखे वायू सुटतात, कधी पेट घेतात, आणि जमिनीलगत मंद ज्योत हलताना दिसते.

हायनेक ‘असू शकतो’ म्हणाले होते. वर्तमानपत्रांनी ‘आहे’ छापलं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या देशात ‘दलदलीचा वायू’ हा टिंगलीचा विषय झाला. मिशिगनचे लोक चिडले. आम्हाला आमच्याच गावची दलदल ओळखता येत नाही काय? त्यांचे खासदार जेराल्ड फोर्ड, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी संसदेच्या चौकशीची मागणी केली. ५ एप्रिलला संसदेच्या संरक्षण समितीपुढे सुनावणी झाली.

दलदलीच्या वायूचं कारण बरोबर होतं की चूक, यावर आजही वाद घालता येईल. माझं भांडण वेगळं आहे. ते पाच दिवसांत सांगितलं गेलं. त्या वायूचा नमुना कोणी घेतला नाही, काही रात्री तिथे कोणी बसून राहिलं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि ज्या माणसाच्या तोंडून ते वदवून घेतलं, तो हवाई दलाकडचा सगळ्यांत अभ्यासू माणूस होता. १९४८पासून हायनेक हे काम करत होते. सुरुवातीला त्यांना हा सगळा प्रकार खुळचटपणा वाटायचा. मिशिगननंतर ते उघडपणे म्हणायला लागले की चौकशीच नीट होत नाही. १९७३मध्ये त्यांनी अशा घटनांच्या अभ्यासासाठी स्वतःचं केंद्र काढलं. हवाई दलाने आपल्याच घाईने आपल्या सल्लागाराचा विश्वास गमावला.

त्याच एप्रिलमधली ओहायो राज्यातली गोष्ट आणखी कडू आहे. १७ एप्रिलच्या पहाटे पोर्टेज काउंटीच्या दोन पोलिसांनी आकाशातल्या एका झगझगीत वस्तूचा गाडीतून पाठलाग केला. सुमारे ८५ मैल, थेट पेनसिल्वेनियापर्यंत. वाटेत दुसऱ्या ठाण्यांचे पोलीसही सामील झाले. ब्लू बुकचा निष्कर्ष: आधी त्यांनी एक उपग्रह पाहिला, मग नजर शुक्रावर गेली आणि ते शुक्राच्या मागे लागले. असं होऊ शकतं. शुक्र इतका दूर आहे की अगदी जवळ आला तरी चार कोटी किलोमीटरच्या आसपास. गाडी कितीही पळवा, तो आहे तिथेच दिसतो, म्हणजे पळणाऱ्याला वाटतं, हा आपल्याबरोबर पळतोय. वळणावर तो झाडांच्या या बाजूचा त्या बाजूला जातो. क्षितिजाजवळ असला की जाड हवेतून येणारा त्याचा उजेड थरथरतो, लाल-हिरवा होतो. अंधारात एकटाच ठिपका पाहत राहिलं तर तो स्थिर असूनही डोळ्यांना हलताना दिसतो. हे कोणाच्याही डोळ्यांचं होतं, पोलिसाच्याही, वैमानिकाच्याही.

हे सगळं त्या पोलिसांना शांतपणे, आदराने समजावून सांगता आलं असतं. तसं झालं नाही. निकाल आला, आणि थट्टा सुरू झाली. त्या दोघांपैकी एकाची नोकरी गेली, संसार मोडला. त्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. जे दिसलं ते वायरलेसवर कळवलं होतं, लडाखच्या जवानासारखं. चौकशीने साक्षीदाराची अशी गत केली, तर पुढचा वैमानिक, पुढचा पोलीस, पुढचा शेतकरी गप्प बसतो. आणि तो गप्प बसला की खरंच काही वेगळं घडेल त्या दिवशी नोंदवहीचं पान कोरं राहील.

आता याहून वाईट प्रकार. खोटं नैसर्गिक कारण.

७ जानेवारी १९४८. केंटकी राज्यात कॅप्टन थॉमस मँटेल आकाशातल्या एका चकचकीत वस्तूमागे आपलं लढाऊ विमान वर वर नेत गेले. प्राणवायूची सोय नव्हती. शुद्ध हरपली, विमान कोसळलं, मँटेल गेले. हवाई दलाचं पहिलं स्पष्टीकरण: शुक्र. त्या वेळी शुक्र साधारण त्या दिशेला होता खरा, पण केंटकीच्या धूसर दुपारी तो असा झगमगताना दिसण्याची शक्यता फार कमी होती. लडाखमध्ये जे नाव बरोबर ठरलं, ते इथे टिकलं नाही, कारण इथे कोणी आकाशाची स्थिती नीट तपासलीच नव्हती. मँटेल यांनी बहुधा ‘स्कायहुक’ पाहिला होता, अमेरिकी नौदलाचा प्रचंड, चंदेरी, फार उंचावर जाणारा फुगा. तो प्रकल्प गुप्त होता. म्हणून चौकशी करणाऱ्यांनाही त्याचा पत्ता नव्हता.

इथे अज्ञान तरी होतं. पुढे तेही राहिलं नाही. १९५५च्या ऑगस्टमध्ये ‘यू-२’ हे हेरगिरीचं विमान उडालं. ते साठ हजार फुटांच्या वर जायचं. प्रवासी विमानं तेव्हा दहा ते वीस हजार फुटांवरून उडत. खाली सूर्य मावळलेला असायचा, वर त्या विमानाच्या पंखांवर अजून ऊन पडत असायचं, आणि वैमानिकांना डोक्यावर पेटलेली वस्तू दिसायची. १९९७मध्ये सीआयएच्याच नियतकालिकात जेराल्ड हेन्स या इतिहासकाराने लिहिलं की पन्नाशीच्या दशकाच्या अखेरपासून साठीच्या दशकात आलेल्या अशा नोंदींपैकी निम्म्याहून जास्त या गुप्त विमानांच्या होत्या. हा आकडा अनेकांना फुगवलेला वाटतो. पण त्याने लिहिलेली दुसरी गोष्ट मला अधिक झोंबते. ब्लू बुकमधल्या काही अधिकाऱ्यांना यू-२ची माहिती होती, आणि त्यांनी लोकांना सांगितलं की तुम्ही पाहिलंत ते हवेतले बर्फाचे स्फटिक, किंवा हवेच्या थरांच्या तापमानातल्या उलथापालथीचा परिणाम.

बर्फाचे स्फटिक खरंच सूर्याभोवती खळं पाडतात. तापमानाच्या थरांमुळे क्षितिजापलीकडचे दिवे खरंच वर उचललेले दिसतात, रडारवर नसलेली वस्तू खरंच उमटते. हे खरं भौतिकशास्त्र आहे. शंभर वर्षांच्या मेहनतीने कळलेलं. सरकारने गुपित लपवायला त्याचा पडदा केला. त्यामुळे पुढे जेव्हा कोणी प्रामाणिक शास्त्रज्ञ खरोखर स्फटिकांमुळे पडलेल्या खळ्याबद्दल सांगायला गेला, तेव्हा लोकांनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं. विज्ञानाचं नुकसान परग्रहवाल्यांनी जेवढं केलं, तेवढंच या अधिकाऱ्यांनी केलं. गुपित राखायचं होतं तर ‘सांगता येत नाही’ म्हणायचं. तेवढं बोलण्याची हिंमत हवी होती.

मिशिगनच्या गदारोळानंतर हवाई दलाने ऑक्टोबर १९६६मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाला स्वतंत्र अभ्यास करायला सांगितलं. प्रमुख होते एडवर्ड काँडन, नावाजलेले भौतिकशास्त्रज्ञ. अभ्यास जेमतेम सुरू झालेला असताना, जानेवारी १९६७मध्ये, काँडन एका जाहीर व्याख्यानात बोलून गेले की सरकारने या कामातून बाहेर पडावं, यात काही दम नाही. न्यायाधीश साक्षी होण्याआधी निकाल सांगतो तसं हे झालं. त्यांचा अहवाल आला तेव्हा त्यात काही घटनांचा तपास फार कसून केलेला होता. अनेक घटनांना पक्कं उत्तर मिळालं नसल्याचंही त्यात प्रांजळपणे नोंदलं होतं. आणि त्यांचा मुख्य निष्कर्ष, की एकवीस वर्षांच्या या नोंदींतून विज्ञानाच्या हाती काही लागलेलं नाही, मला बऱ्याच अंशी पटतो. म्हणूनच ते व्याख्यान खटकतं. बरोबर उत्तराची किंमत त्यांनी स्वतःच घालवली. १७ डिसेंबर १९६९ला ब्लू बुक बंद करत असल्याचं जाहीर झालं. तोवर १२,६१८ नोंदी झाल्या होत्या. त्यांतल्या ७०१ न ओळखलेल्या म्हणून राहिल्या.

या ७०१वर टीव्हीवाले अजून जगतात. न ओळखलेली म्हणजे फक्त न ओळखलेली. माहिती अपुरी पडली. रात्री साडेतीनला महामार्गावर एकट्या ड्रायव्हरने पाच सेकंद पाहिलेल्या उजेडाचं उत्तर कदाचित कधीच मिळणार नाही, आणि त्यात चोरून ठेवलेलं असं काही नाही. तिथे परग्रहवासी बसवणारा निवेदकही घाईच करतो, फक्त उलट्या बाजूने. घाईने ‘शुक्र’ म्हणणारा अधिकारी आणि हा निवेदक, मला दोघांत फार फरक दिसत नाही. दोघांनाही नोंद नको असते.

महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात, खानदेशात, मध्य प्रदेशात हजारो लोकांनी आकाशात जळत्या तुकड्यांची रांग पाहिली. मोबाइल बाहेर आले. काही मिनिटांत ‘उल्कापात’ हा निकाल लागला, बातम्यांतून तोच फिरला. नैसर्गिक कारण, ऐकायला अगदी शास्त्रशुद्ध. आणि चूक. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं कडं येऊन पडलं. व्यास सुमारे तीन मीटर, वजन चाळीस किलोच्या आसपास. जवळच्या दुसऱ्या गावात धातूचा गोळा सापडला. अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षेचा हिशेब मांडून सांगितलं की हा चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा असावा, फेब्रुवारी २०२१मध्ये सोडलेला.

लोकांनी काढलेल्या चित्रफिती नीट पाहिल्या असत्या तरी शंका आली असती. उल्का सेकंदाला अकरा ते बहात्तर किलोमीटर वेगाने शिरते आणि बहुधा काही क्षणांत संपते. रॉकेटचा तुकडा सेकंदाला आठ किलोमीटरहून कमी वेगाने, जवळजवळ आडवा येतो. तो आकाश ओलांडायला मिनिटभर घेतो, फुटतो, आणि त्याचे तुकडे एकामागे एक चालतात. गुढीपाडव्याला लोकांनी पाहिलं ते हेच. किती वेळ दिसलं, हा एक प्रश्न विचारला असता तर ‘उल्कापात’ म्हणायची घाई कोणी केली नसती. आणि यात लोकांच्या जिवाचा प्रश्न होता. चाळीस किलोचं कडं गावात पडतं, तेव्हा त्याला निसर्गाचा खेळ म्हणून सोडून देता येत नाही. कोणाचं रॉकेट होतं ते विचारावं लागतं, भरपाई मागावी लागते.

म्हणून मी नैसर्गिक कारणाचा भाट नाही. कारण नैसर्गिक असो, माणसाने केलेलं असो, किंवा न सापडलेलं असो, त्यामागचं काम मला पाहायचं आहे.

ते काम कसं दिसतं हे फ्रान्सने दाखवलंय. तुलूझमध्ये फ्रेंच अंतराळ संस्थेचा एक छोटा विभाग १९७७पासून हेच करतो. त्याची नावं बदलत गेली, आता ‘जेपान’ म्हणतात. गावातल्या माणसाला काही दिसलं तर तो जवळच्या ठाण्यात जातो. तिथे रीतसर जबाब घेतला जातो. कुठे उभे होतात, तोंड कुठल्या दिशेला, आकाशातली उंची किती, किती वेळ दिसलं, आवाज होता का. मग त्या वेळची ग्रह-ताऱ्यांची स्थिती, हवामान, विमानांचे मार्ग, कुठे लग्नाचे कागदी कंदील सोडले होते का, हे सगळं तपासलं जातं. प्रत्येक घटनेला चारपैकी एक वर्ग मिळतो: पक्कं कळलं, बहुधा कळलं, माहिती अपुरी, आणि माहिती चांगली असूनही उलगडलं नाही. शेवटच्या वर्गात उरतात तीनेक टक्के. २००७पासून या फायली लोकांसाठी खुल्या आहेत. साक्षीदाराचं नाव झाकलेलं, बाकी तपास उघडा. नवं साधन हाती आलं की जुनी फाइल पुन्हा काढतात आणि गरज पडली तर वर्ग बदलतात. आपलंच जुनं उत्तर खोडायला ते लाजत नाहीत. असं खातं मला फार आवडतं. तिथल्या माणसांना शुक्र शंभराव्यांदा सापडला तरी ते शंभरावी फाइल पहिलीइतकीच नीट लिहितात.

अमेरिकेनेही उशिरा का होईना हा रस्ता धरला. सप्टेंबर २०२३मध्ये ‘नासा’च्या स्वतंत्र गटाने अहवाल दिला. परग्रहाचा पुरावा नाही, हे त्यात होतंच. जास्त जोर होता तो नोंदी किती कच्च्या आहेत यावर. लढाऊ विमानातून टिपलेल्या, समुद्रावरून भन्नाट वेगाने जाणाऱ्या वस्तूची एक चित्रफीत गाजली होती. गटाने पडद्यावरच्या आकड्यांवरूनच गणित केलं. वस्तू पाण्यालगत नव्हती, तेरा हजार फुटांवर होती, आणि तिचा वेग ताशी चाळीस मैलांच्या आसपास, म्हणजे वाऱ्याइतका. वेग होता तो कॅमेरा नेणाऱ्या विमानाचा. हे उत्तर कोणीही कागद-पेन्सिल घेऊन तपासू शकतो. म्हणून ते टिकतं.

आपल्याकडे काय हवंय? फार काही नको. मराठी मुलखात आकाश ओळखणाऱ्या माणसांची वाण नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून आहे. मुंबईत खगोल मंडळ आहे. पुण्यात आयुका आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला यांपैकी कोणाशी तरी कायमचं जोडून द्या. तलाठ्याकडे, पोलीस ठाण्यात एक पानाचा अर्ज ठेवा. वेळ, मिनिटासकट. दिशा. उंची, हात लांब करून मूठ धरली तर क्षितिजापासून किती मुठी, कारण एक मूठ साधारण दहा अंशांची होते. किती वेळ दिसलं. एवढ्या चार ओळींत निम्म्याहून जास्त कोडी सुटतील, मला खात्री आहे. स्टारलिंक उपग्रहांची माळ, मावळतीचा शुक्र, उगवतीचा गुरू, परतणारं रॉकेट, प्रत्येकाची वेळ आणि चाल वेगळी असते. गोव्यात आणि दक्षिण कोकणात बांधावरून चालणाऱ्या उजेडाला देवचाराची चूड म्हणतात. ती पाहिल्याचं सांगणाऱ्या माणसालाही लगेच ‘मिथेन’ म्हणून गप्प करू नका. त्याच्याबरोबर दोन रात्री बांधावर जाऊन बसा, मग बोला.

आणि इम्फाळचं उत्तर द्या. १९ नोव्हेंबर २०२३, रविवार, दुपारी अडीचच्या सुमारास इम्फाळ विमानतळावरून आकाशात एक वस्तू दिसली. विमानतळावरची हवाई वाहतूक थांबली. दोन विमानं दुसरीकडे वळवावी लागली, बाकीची अडकून पडली. हवाई दलाने शोधासाठी राफेल धाडली. मग हवाई दलाकडून दोन-तीन ओळींचं निवेदन आलं, की विमानतळावरून मिळालेल्या माहितीवरून यंत्रणा कामाला लावली आणि त्यानंतर ती लहान वस्तू दिसली नाही. मणिपूर तेव्हा सहा महिने जळत होतं, ड्रोनच्या नुसत्या शंकेनेही तिथे घबराट होऊ शकत होती. विमानतळावर ती वस्तू पाहणारी माणसं होती, त्यांचे फोन होते, त्यांच्या वेळा होत्या. फुगा असेल तर फुगा म्हणा. शुक्र असेल तर शुक्र म्हणा. ड्रोन असेल आणि सांगता येत नसेल, तर सांगता येत नाही म्हणा. कळलं नसेल तर तेही लिहा, आणि त्या दुपारची नोंद, नावं झाकून, लोकांपुढे ठेवा. लडाखच्या जवानांनी सहा महिने लिहिलं म्हणून आपल्याला गुरू सापडला. इम्फाळला लिहिलेलं अजून कोणी वाचायला दिलेलं नाही.